शिल्लक शून्य

न सांगता कुणाच्या दारात जायची सेइके मासुमीची ही अठ्ठावन्न वर्षांतली पहिलीच वेळ होती, आणि पहिल्याच वेळी तिला चोर सापडला. चोर शहात्तर वर्षांचा होता, कमरेत वाकलेला होता, आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरात जमिनीतल्या कप्प्याची झाकणी उघडून लोणच्याच्या बरण्यांमागून पत्र्याचा डबा ओढून काढत होता.

"हिसानोकाकू?" मासुमी दारातूनच म्हणाली.

काकूंच्या हातून डबा सुटला. झाकण घरंगळत ओट्याखाली गेलं आणि लाकडी जमिनीवर औषधाच्या पुड्या पसरल्या. एकमेकींना जोडलेल्या, पारदर्शक कागदाच्या पुड्यांच्या लांबच लांब माळा. प्रत्येक पुडीवर छापलेलं: ह्योदो तोमिए, तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ. महिन्यामहिन्याची माळ वेगळी, घडी घातलेली, वर रबर लावलेलं.

"अगंबाई! आज मंगळवार आहे की काय?" काकू म्हणाल्या.

"गुरुवार आहे."

"तेच म्हणते मी. मग तुम्ही कशा काय उगवलात?"

मासुमी उगवली होती एका फोटोसाठी. उद्या दुपारी दोन वाजता टोकियोत आरोग्य खात्याच्या समितीची बैठक होती, आणि खात्यातले कुरोइवासाहेब चार दिवसांपासून मागे लागले होते की पडद्यावर दाखवायला त्या प्रसिद्ध आजींचा फोटो हवाच. भिंतीवर औषधांचं कॅलेंडर, शेजारी हसऱ्या आजी. संध्याकाळचं विमान होतं. फोटो काढायचा, दोन संत्री खायची आणि निघायचं, एवढंच काम.

तोमिएआजी प्रसिद्ध झाल्या त्या मासुमीमुळे, आणि खरं सांगायचं तर मासुमी प्रसिद्ध झाली ती तोमिएआजींमुळे. मिनाउरा गावच्या धक्क्यावर मासुमीच्या वडिलांचं औषधाचं दुकान होतं. बारा वर्षं तिने तिथे पुड्या बांधल्या. पुड्यांचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाकडे तिची कायम पाठ. त्या पाठीला बायका काय काय सांगायच्या! कोण नवऱ्याच्या गोळ्या अर्ध्या करून त्याला देते, कोणाला औषध घेतल्यावर दर वेळी उलटी होते. तोमिए तेव्हा चाळिशीची होती आणि तिची बडबड सगळ्यांत जास्त. "अगं मासुमी, त्या डॉक्टरला सांगू नकोस हं," अशी सुरुवात.

मग मासुमी मात्सुयामाच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकवायला गेली. बावीस वर्षांत शिकवता शिकवता प्राध्यापक झाली आणि शेवटी तिने तो अभ्यास केला. मिनाउरातले दोनशे बारा म्हातारेकोतारे, दोन वर्षं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती विद्यार्थ्यांना घेऊन घरोघर जायची, उरलेल्या पुड्या मोजायची आणि प्रत्येकाच्या औषधवहीत 'शिल्लक' या रकान्यात आकडा लिहून सही करायची. सुरुवातीला शंभरातल्या एकोणचाळीस पुड्या उरत होत्या. सहा महिन्यांनी दोन. तोमिएआजींच्या वहीत तर सलग वीस महिने शून्य. निबंध छापून आला, बक्षीस मिळालं, समितीत खुर्ची मिळाली. आता हीच पद्धत देशभर लागू करायची आणि औषधवाल्याने मोजलेल्या आकड्यावर विसंबून डॉक्टरांनी मात्रा ठरवायची, असा ठराव उद्या मंजूर होणार होता.

आणि ते वीस महिने इथे जमिनीवर पडले होते.

मासुमी खाली बसली. संध्याकाळच्या पुड्या जशाच्या तशा. सकाळच्या पुड्यांचा एकेक कोपरा कात्रीने कापलेला, आतली एक पांढरी गोळी काढून घेतलेली, बाकीच्या तिथेच.

"काकू, हे कधीपासून?"

"तिचं ना? तुम्ही यायला लागलात तेव्हापासून."

"तिचं म्हणजे? आणखी कुणाचं आहे?"

हिसानोकाकूंनी आढ्याकडे पाहिलं. मग हात झटकले. "हे बघा बाई, कचऱ्यात टाकायची सोय नाही. पिशवी आरपार दिसणारी, वर नाव लिहायचं. सगळी गल्ली वाचणार. आणि चांगलं औषध फेकवतही नाही. मग ठेवायचं कुठे? कुणी लोणच्यात ठेवतं, कुणी देवघराच्या खणात. आदल्या दिवशी संध्याकाळी पंचायतीचा भोंगा ओरडतो, उद्या औषधांच्या बाई येणार आहेत म्हणून. मग आम्ही आवरायला घेतो. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरत नाही का आपण?"

"अहो, पण मी पाहुणी होते का?"

"मग कोण होतात?" काकूंनी सरळ विचारलं.

मासुमीला फार राग आला होता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तोमिएआजी कुठे आहेत? त्यांनाच विचारते."

"तुम्हाला कळलं नाही? परवा संध्याकाळी बागेच्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात आहे. स्ट्रेचरवरून जाताना माझा हात सोडेना. म्हणाली, लोणच्यामागचं हलव, ओसाकाहून लेक येईल, तिला सापडलं तर बाईंपर्यंत जाईल. तेच हलवत होते, तर तुम्हीच दारात."

दवाखान्यात माणसाबरोबर त्याची औषधवही जाते. वहीत शून्य लिहिलेलं. शून्य पाहून गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांत चार वेळा मात्रा वाढवली होती, कारण सगळं औषध नेमाने घेऊनही आजींचा रक्तदाब उतरत नव्हता. आजी घेत होती एक गोळी. दवाखान्यातली नर्स सगळ्या देणार होती, पाणी पाजून, समोर उभी राहून.

तिने फोन काढला. त्या दवाखान्यात नाकाओका शुन होता, गेल्या वर्षीच नोकरीला लागलेला तिचा विद्यार्थी.

"बाई! काय योगायोग! तुमच्या आजी माझ्याच वॉर्डात आहेत."

"रक्तदाब किती?"

त्याचा आवाज बदलला. "सकाळी अठ्ठ्याहत्तर. नाडी चव्वेचाळीस. हाक मारली तर डोळे उघडतात, पुन्हा झोपतात. डॉक्टर ओची म्हणतात, मोडलेल्या हाडापाशी आत रक्त जातंय. उद्याचं ऑपरेशन आज साडेअकरालाच घेतायत."

मासुमीने घड्याळ पाहिलं. दहा पंचवीस. "औषधं?"

"परवा रात्रीपासून सगळी दिली, वहीप्रमाणे. आज सकाळची तेवढी थांबवली."

"रक्त जात असतं तर नाडी पळाली असती. चव्वेचाळीस कशी?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, नाडी संथ ठेवणारी गोळी ती दोन वर्षं नेमाने घेतेय, म्हणून पळत नाही. नेमाने कशावरून, असं विचारलं, तर त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. तुमची सही आहे बाई. वीस वेळा."

"ती घेत नव्हती, नाकाओका. डबा माझ्यासमोर आहे."

तो हळू म्हणाला, "मी सांगितलं तर कोण ऐकेल? एका बाजूला तुमची सही, दुसऱ्या बाजूला मी. तुम्ही या बाई. डबा घेऊनच या."

हिसानोकाकूंनी पुड्या भराभर गोळा केल्या, डबा रुमालात बांधला आणि गाडीच्या खिडकीतून आत दिला. "जीव जाईल का हो तिचा?" त्यांनी विचारलं. मासुमीने गाडी सुरू केली.

मिनाउराहून तालुक्याला चाळीस मिनिटं लागतात, रस्ता मोकळा असेल तर. नोव्हेंबरात तो कधीच मोकळा नसतो. दुसऱ्याच वळणावर संत्र्यांच्या क्रेट लादलेला छोटा ट्रक पुढे आला आणि बराच वेळ पुढेच राहिला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दगडी पायऱ्यांच्या बागा. मासुमीने आयुष्यात कधी भोंगा वाजवला नव्हता. आज तिने हात उचललाच नाही त्यावरून. ट्रकवाल्या आजोबांनी आरशातून तिला ओळखलं, खुशीने हात हलवला आणि तिथेच अंग चोरत गाडी बाजूला घेतली. त्यांच्याही वहीत तिच्या हातचं शून्य होतं.

नाकाओकाने तिला एकदा विचारलं होतं. अभ्यास सुरू होऊन तीन महिने झाले होते, वर्गात चाळीस पोरं होती. "बाई, एकदा न सांगता जाऊन पाहू या का?" मासुमी म्हणाली होती, "तुझ्या घरी असं शिकवलं का रे? लोकांच्या दारात अचानक जाऊन उभं राहायचं?" वर्ग हसला, पोरगं कानापर्यंत लाल झालं आणि खाली बसलं. तिला तेव्हा आपलं उत्तर फार आवडलं होतं. संध्याकाळी तिने ते नवऱ्यालाही सांगितलं होतं.

दुसराही एक विचार त्या रस्त्यावर तिच्या मनात आला, आणि तो आला हे तिने पुढे कुणापासून लपवलं नाही. म्हणायचं की एकट्या तोमिएआजींचंच असं निघालं. दोनशे बारांत एक. म्हातारं माणूस, थोडं विसराळू. आजी वाचतील आणि उद्याची बैठकही होईल. डबा शेजारच्या सीटवर प्रत्येक वळणाला सरकत होता.

ती पोचली तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. नाकाओका जिन्यातच उभा होता. तिसऱ्या मजल्यावर आजींची खाट दारातून बाहेर काढलेली होती, चाकं वळवलेली. आजींचा चेहरा मेणासारखा झाला होता. मासुमीने त्यांचा हात धरला. हात गार पडला होता.

"थांबवा," ती म्हणाली.

डॉक्टर ओची पन्नाशीचे, जाडजूड, हातावर घाईघाईने घड्याळ फिरवणारे गृहस्थ होते. "आपण?"

"सेइके मासुमी. वहीत सही आहे ती माझी."

"अरे वा, प्राध्यापक! तुमचा निबंध वाचलाय मी. पण आत्ता वेळ नाही हो."

मासुमीने गाठ सोडली आणि डबा खाटेवर, आजींच्या पायाशी उघडला. "चार औषधांपैकी ही एकच घेत होती. परवा रात्रीपासून एकदम चारही पोटात गेली, वाढवलेल्या मात्रेत. हे रक्त जाणं नाही. या अवस्थेत भूल दिलीत तर ती टेबलावरून उठणार नाही."

ओचींनी एक माळ उचलली, तारखा वाचल्या, दुसरी उचलली. नर्स एकमेकींकडे बघायला लागल्या. "म्हणजे मी खरं काय समजू?" त्यांनी विचारलं. "छापून आलेला निबंध, की हा बिस्किटांचा डबा?"

"डबा."

"आणि मी थांबलो, आणि खरंच आत रक्त जात असलं तर?"

"सकाळी रक्त तपासलंत ना? आत्ता पुन्हा तपासा. जात असेल तर आकडा उतरलेला दिसेल. अर्धा तास द्या." ती खाटेसमोरून हलली नाही.

ओचींनी आजींच्या पापण्या उघडून पाहिल्या. मग घड्याळ. मग नाकाओकाकडे. "अर्धा तास. रक्त पाठवा, नाडी वाढवायचं औषध सुरू करा. आणि प्राध्यापक, तुम्ही लिहून द्यायचं. वहीतली नोंद चुकीची आहे असं. उद्या कुणी मला विचारलं तर माझ्याकडे कागद पाहिजे." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "या एका रुग्णाबद्दल लिहा. तेवढं पुरे मला."

तेवढं पुरे. ट्रकच्या मागे अडकून तिने मनातल्या मनात जे मागितलं होतं ते तिला कुणी न मागता हातात ठेवलं होतं. तिने नर्सच्या टेबलावर कागद ओढला. 'ह्योदो तोमिए यांच्या वहीतील' एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं.

नाकाओका मागे येऊन उभा राहिला होता. "बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मिनाउराचे आणखी तिघे आहेत दवाखान्यात. दोन खालच्या मजल्यावर, एक याच. तिघांच्याही वह्यांत शून्य आहे. आज दुपारच्या गोळ्या मीच भरल्यात."

त्याने 'मी तेव्हाच म्हणत होतो' असं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला नाही. नुसता वाट पाहत उभा राहिला, जसा वर्गात उत्तराची वाट पाहत उभा होता.

मासुमीने तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: 'मिनाउरातील कोणत्याही वहीतील शिल्लक शून्य ही नोंद खरी धरू नये. मोजणी आधी कळवून केली होती. चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव, पद, तारीख, वेळ.

"दुपारच्या गोळ्या अडव," ती म्हणाली. "पळ."

तो खरंच पळाला.

अर्धा तास ती खाटेजवळच्या स्टुलावर बसून पडद्यावरचा आकडा बघत होती. एकोणऐंशी. शहात्तर. सत्त्याहत्तर. शहात्तर आला तेव्हा ओची आले, आकडा पाहून परत गेले. आपण चुकलो तर, हा विचार तिच्या मनातून जाईना. डबा खरा असेल आणि रक्तही जात असेल; दोन्ही खरं असायला काय हरकत होती? बारा वाजायला पाच मिनिटं असताना तपासणीचा कागद आला. सकाळचा आणि आत्ताचा आकडा जवळजवळ सारखा. रक्त जात नव्हतं.

"भूलवाल्यांना सांगा, आज नाही," ओची म्हणाले आणि मासुमीकडे न बघता निघून गेले. दाराशी थांबून म्हणाले, "निबंध चांगला लिहिला होतात हो."

नाडी पन्नास झाली, मग अठ्ठावन्न. दोन वाजता रक्तदाब नव्वदावर आला. मासुमी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकली, तेवढ्यात कुरोइवासाहेबांचा फोन.

"फोटो मिळाला का? हसतायत ना आजी?"

तिने सगळं सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"सेइकेबाई, हे वाईट झालं खरं. पण एक डबा आहे. उद्या मंजूर होऊ दे, पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू. तीन वर्षं घातलीत तुम्ही यात. मीही घातलीत."

"आज इथे चार जणांची औषधं अडवली, साहेब. माझ्या सहीनं. तीच सही उद्याच्या कागदावर कशी करू?"

"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? निबंध मागे घ्यावा लागेल. समितीत राहता येणार नाही."

"कळतोय."

"मग मी विषय काढून टाकतो," ते म्हणाले. मग, "न सांगता गेलात म्हणून हे झालं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मासुमी रडली. आजी वाचल्या म्हणून रडली असं म्हणायला छान वाटलं असतं, पण ती खुर्ची गेली म्हणून रडली, बक्षीस गेलं म्हणून, आणि चाळीस पोरांसमोर आता काय तोंड दाखवू म्हणून. मग तोंड धुतलं आणि विमानाचं तिकीट रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, टोकियोतली बैठक त्या विषयाशिवाय सुरू झाली असेल तेव्हा, तोमिएआजी उशीला टेकून भाताची पेज खात होत्या. मासुमीला पाहताच चमचा खाली ठेवून त्यांनी मान इतकी लववली की नाकातली नळी ताणली गेली.

"बाई, माफ करा मला. तुमचं नाव घालवलं मी."

"पेज खा आधी."

"हिसानो बोलली का? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"नाही हो, रंगेहाथ पकडलं मी त्यांना." आजी हसल्या, मग हसू आवरलं. मासुमीने स्टूल जवळ ओढलं. "का नाही घेतल्यात गोळ्या?"

"बागेत चक्कर यायची. पायऱ्या गोल फिरायच्या."

"मग मला का नाही सांगितलं? पूर्वी तर सगळं सांगायचात."

आजी बराच वेळ चादरीची घडी मोडत, घालत राहिल्या. "पहिल्या महिन्यात माझ्याकडे अकरा पुड्या निघाल्या. तुम्ही अकरा लिहिलंत आणि तुमचं तोंड एवढंसं झालं. मागे ती पोरं उभी. पुढे एकदा शून्य निघालं, तर काय खुललात तुम्ही! एवढ्या लांबून येता. म्हटलं, आपल्याकडून एवढं तरी व्हावं."

मासुमीला लाज वाटली. तिने पिशवीतून कोरी वही काढली. "आता खरं सांगायचं. कोणती गोळी घेत होतात, किती दिवस, आणि कोणत्या गोळीने काय व्हायचं. अगदी सगळं."

"घेत होते की, बऱ्याचशा," आजी म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांची नजर मासुमीच्या चेहऱ्यावर होती. भुवया, ओठ, सगळं तपासत. वीस महिने ही नजर समोर होती आणि मासुमी खाली मान घालून शून्य लिहीत बसली होती.

ती उठली. स्टूल उलटं फिरवलं, भिंतीकडे तोंड केलं आणि आजींकडे पाठ करून बसली. वही गुडघ्यावर घेतली.

"हे काय, बाई?"

"पुड्या बांधतेय," मासुमी म्हणाली. "तुम्ही बोला."

मागे चमचा वाजला. कॉरिडॉरमधून कुणीतरी चाकाची गाडी ढकलत नेली. मग खाट करकरली, आजी पुढे सरकल्या असाव्यात.

"अगं मासुमी," मागून आवाज आला, "त्या डॉक्टरला सांगू नकोस हं."

मासुमी लिहायला लागली.